कंबरेएवढं हँडल

तेराव्या वर्षी माझं डोकं बाबांच्या कानाला लागत होतं आणि वजन आईपेक्षा जास्त भरत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळात माझ्याबद्दल बोलणारा प्रत्येक जण हेच आधी सांगायचा. वर्गात मी शेवटच्या बाकावर, प्रभातफेरीत सगळ्यांच्या मागे, लग्नातल्या फोटोत कोणीतरी हाताला धरून मागच्या रांगेत नेऊन उभी केलेली. गावातली पोरं मला रोडरोलर म्हणायची. मी येताना दिसले की हात पसरून, जमीन हादरून तोल जातोय असं करून दाखवायची. मी रडले नाही कधी. त्यांच्यातल्या एकाला काखेत धरून उचललं आणि कोरड्या नालीत नेऊन ठेवलं, तेवढं एकदा केलं. मोहाडीला माझ्या ऑफिसात बसणारे लोक म्हणतात, मॅडम, आत्मकथन लिहायचं तुमचं वय नाही, अजून नोकरीची निम्मी वर्षंही भरली नाहीत. नसतील भरली. पण कोणत्या वयात काय करावं हे लोक दुसऱ्याला सांगायला लागले की मी अजूनही नेमकं तेच करून पाहते, आणि ती सवय कुठून लागली तेच इथे सांगायचं आहे.

आमचं घर पुनर्वसनाच्या गावात होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, म्हणून मला त्याचं काही आठवत नाही. मोठ्यांना मात्र दुसरं काही आठवत नसे. जेवायला बसलं की पहिल्या घासाला कोणीतरी म्हणायचंच, त्या विहिरीच्या पाण्यात शिजलेल्या भाताची चव वेगळी होती. मला नवं गाव आवडायचं, पण हे वाक्य आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. नव्या गावाला झाडं नव्हती, सावली नव्हती, पण सिमेंटचे सरळ, रुंद रस्ते होते, आणि मधोमध समाजमंदिर होतं. त्याच्या पुढे लांबलचक ओटा, ओट्याच्या एका टोकाला तीन पायऱ्या, आणि दुसऱ्या टोकाला चाकाच्या खुर्चीसाठी केलेला गुळगुळीत उतार. चाकाची खुर्ची गावात एकही नव्हती.

आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिची पायमशीन होती, आणि सकाळी चुलीवर भात रटरटत असतानाच तिची खडखड सुरू व्हायची. आवाजावरून मला कळायचं, आई लांब शिवण मारते आहे की बाही जोडते आहे की कोणावर तरी चिडली आहे. चिडली की ती शिवण सरळच मारायची, पण दुप्पट वेगानं. दुपारी लाखोरीची डाळ, भात, आणि तव्यावर भाजून कुटलेल्या सुक्या झिंग्यांची चटणी. त्या झिंग्यांचा वास खुंटीवर टांगलेल्या ब्लाउजांना लागायचा, पण एकाही बाईनं कधी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांच्याच घरात तोच वास होता. आईचा एका गोष्टीवर फार राग होता, तयार कपड्यांवर. ती म्हणायची, रेडीमेड सगळ्यांना थोडं थोडं बसतं, पुरतं कोणालाच बसत नाही. माझा शाळेचा गणवेशसुद्धा तीच शिवायची. दर जूनमध्ये टेप लावून माझं माप घ्यायची आणि वहीत लिहायची, आणि तू वाढलीस, तू सुटलीस, असं एकदाही म्हणाली नाही. फक्त म्हणायची, यंदा कापड जास्त लागन. आज मला वाटतं, माझ्याबद्दल इतकं साधं कोणीच बोलत नव्हतं.

बाबा पवनी ते भंडारा काळीपिवळी चालवायचे. शेजारच्या घरात बाबांचे मोठे भाऊ राहत, आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि तो फुकट मिळालेला नव्हता. साहेब बदलला की नव्या साहेबाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, असं किती वर्षं करून त्यांनी ते समाजमंदिर मंजूर करून आणलं होतं. दर दिवाळीला ओट्याला चुना स्वतः लावायचे. ते आईचे भासरे, म्हणून आई त्यांच्याशी थेट बोलत नसे. ते दोन हातांच्या अंतरावर उभे असले तरी ती मला म्हणायची, वैशू, मोठ्याबाबाले सांग चहा ठेवला म्हणून. ते मला म्हणायचे, आईले सांग साखर कमी टाक म्हणून. दोघंही एकमेकांचं ऐकत उभे, आणि मी मधात. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच घरांत पोरी याच कामासाठी असतात.

त्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ निखिल नागपूरहून आला तो स्कूटर घेऊन. पेट्रोलची नाही. पाय ठेवायला लांब फळी, पुढे-मागे तळहाताएवढं एकेक चाक, आणि सरळ दांड्यावर हँडल. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्यानं जमीन ढकलायची. लहान मुलांची असते तशीच दिसायला, पण ही कसरतीची होती. तिची घडी होत नव्हती आणि हँडल दांड्याला वेल्ड केलेलं होतं, वर-खाली होत नव्हतं. निखिल समाजमंदिराच्या ओट्यावरून वेगात यायचा, कडेवरून उडी घ्यायचा, हवेत पायाखालची फळी एक पुरी चक्कर फिरवायचा आणि तिच्यावरच उतरायचा. दोन्ही चाकं एकदम सिमेंटवर टेकत, ठक्. पोरं रांग लावून उभी राहिली. निखिलनं सगळ्यांना एकेक फेरी दिली. माझी पाळी आली तेव्हा त्यानं हँडल हातात धरून ठेवलं आणि म्हणाला, तुझ्यानं मोडन. तो दुष्ट नव्हता. आज ऊन जास्त आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी ती ओसरीतून उचलली. रस्ता तव्यासारखा तापला होता, कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. मी पाय मारला. माझ्या एका पायात इतर पोरांच्या तीन पायांचं अंतर गेलं. उतारावरून सोडली तर ती अशी धावली, की हे वजन आजवर माझ्याविरुद्ध होतं ते पहिल्यांदा माझ्या बाजूनं आलं असं वाटलं. मग मी उडी मारून पाहिली. दोन बोटं वर गेले असेन, जास्त नाही. पण दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली आणि परत टेकली, आणि जमीन हादरली बिदरली काही नाही. निखिल उठायच्या आत मी ती जागेवर ठेवली. तिचं हँडल इतकं तापलं होतं की मला ते ओढणीनं धरावं लागलं. ती मोडली नव्हती.

मग महिनाभर मी घरात दुसरं काही बोलले नाही. शेवटी बाबांनी एक दिवस भंडाऱ्याहून जीपच्या टपावर बांधून एक स्कूटर आणली. निळी, घडीची, हँडल वर-खाली होणारी, आठ वर्षांच्या पोराच्या बेताची. त्यांना फरक माहीत नव्हता, आणि इतक्या हौसेनं आणलेल्या वस्तूत खोट काढायची मला लाज वाटली. हँडल पूर्ण वर ओढलं तरी माझ्या मांडीला लागायचं. तरी मी रविवारी ती घेऊन समाजमंदिरापाशी गेले. आत कसली तरी सभा होती, माणसं ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, त्यांत बाबा आणि मोठेबाबाही, पोरं खाली. मी ओट्यावरून आले, कडेवरून उडी मारली, आणि फळी नि दांडा जिथे जोडले होते तो घडीचा सांधा खटकन तुटला. हँडल माझ्या हातात आणि मी रस्त्यावर बसलेली.  मग हसू सुरू झालं. पोरं हसली, पोरांचे बाप हसले. कोणीतरी म्हणालं, आता रस्त्याले पुन्हा मंजुरी आणा लागते.

मोठेबाबा हसले नाहीत. ते खाली उतरून आले आणि माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाले, पोरगी मोठी झाली, हे लेकराइचं खेळणं, तिच्या अंगाले हे शोभते काय? घरात बसव तिले आता. बाबांनी मान खाली घातली. मोठ्या भावापुढे त्यांची मान तशीच जायची. तेवढ्यात आई आली. गळ्यात टेप तसाच होता, मशीनवरूनच उठून आली होती. तिनं दोन्ही तुकडे उचलले, तुटलेला सांधा उलटा-सुलटा करून पाहिला, अंगठ्यानं पत्रा दाबला तर तो वाकला. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्याबाबांच्या तोंडाकडे पाहून, मला मधात न घेता, ती बोलली.

"भाऊजी, कपडा अंगावर उसवला त आपण कपडा तोकडा म्हणतो. अंग कापाले सांगतो काय?"

एवढंच. ती ते तुकडे घेऊन घराकडे वळली आणि मी तिच्या मागे. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मोठ्याबाबांना उत्तर सुचलं नाही असं नाही, पण कोणामार्फत द्यावं ते सुचलं नसावं. संध्याकाळी बाबा तिला हळू आवाजात बोलले, चारचौघांत बोलायची काय गरज होती. ती लाखोरीची डाळ घोटत होती, घोटतच राहिली. मग म्हणाली, दुसरी आणायची, पण आता माप घेऊन.

आम्ही निखिलला फोन लावला. त्यालाही आता थोडं वाईट वाटत होतं, म्हणून त्यानं मनापासून सांगितलं. काही पोरं एकेक भाग वेगळा घेऊन स्कूटर जोडतात, चाकं एका कंपनीची, फळी दुसऱ्याची. ते तुमच्यासाठी नाही, तो म्हणाला, तिथं नीट जोडून देणारं कोणी नाही आणि एक भाग दुसऱ्याला बसला नाही तर सगळंच वाया. तयार जोडलेली घ्या, कम्प्लीट म्हणतात तिला. फक्त एक लक्षात ठेवा, हँडल कमीजास्त होत नाही, म्हणून पहिल्यांदाच बरोबर उंचीचं घ्या. फार उंच असलं तर फिरवताना पोटात येतं, फार बुटकं असलं तर पाठ वाकते. कंबरेएवढं पाहा. फळी पायाच्या हिशोबानं, आणि चाकाच्या आत प्लास्टिक नको, लोखंडासारखं काहीतरी पाहिजे, वैशूच्या उडीखाली प्लास्टिक टिकायचं नाही. हे शेवटचं तो चाचरत म्हणाला. आई म्हणाली, चाचरू नको, कामाचं सांगून राहिला, सांग.

तिनं अंगणातून वीट आणली, फळीची उंची साधारण तेवढीच असते असं निखिल म्हणाला होता. मला बाबांचे कॅनव्हासचे बूट घालायला लावले, कारण माझ्या पायाला बायकांच्या चपला येतच नव्हत्या, मी नऊ नंबर घालायची. मग मला विटेवर उभं करून तिनं माझं माप घेतलं, तळव्यापासून कंबर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, टाचेपासून अंगठा. ब्लाउज-परकरांच्या मापांमध्ये तिनं त्याच वहीत लिहिलं, वैशू, स्कूटर. ती वही अजून आहे. त्या पानावर एका बाजूला कोणा काकूंच्या बाहीचं माप आहे.

नागपूरला आम्ही दोघीच गेलो. एस.टी.त आईनं मांडीवर डबा आणि पिशवीत टेप घेतला होता. निखिलनं सांगितलेलं दुकान मोठं होतं, बाहेर पायरी, आत कॅरमपासून सायकलीपर्यंत सगळं. चष्मेवाल्या दुकानदारानं विचारलं, बेटी के लिए? आणि एक गुलाबी स्कूटर काढली, हँडलला झिरमिळ्या लावलेली. आई म्हणाली, एवढंसं लेकरू कुठं दिसून राहिलं तुमाले? तेव्हा त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ती नजर मला पाठ होती, आणि मोठ्या चाकांची एक लांब स्कूटर आणली. मोठ्या माणसांसाठी, ऑफिसात जायला, एकदम आराम. मी विचारलं, हिच्यावर उडी मारता येते का. तो हसला आणि म्हणाला, उडी कशाला, बेटा, तुम्ही आरामात चालवा. मी म्हणाले, मला आरामात चालवायची नाही.

कसरतीच्या स्कूटर मागच्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्यातली काळी मी पाहिली आणि बाकीचं दिसायचं बंद झालं. निखिलच्या फोनवर अडकत अडकत चालणाऱ्या एका व्हिडिओत एक परदेशी पोरगी हिच्यासारखीच चालवायची. हँडल उंच, फळी चौकोनी आणि जड. ती खाली उतरवली तर हँडल माझ्या बरगड्यांना लागलं. दुकानदार म्हणाला, वाढतं अंग आहे, मोठीच घ्या, दोन वर्षांनी बरोबर बसेल. आपल्याकडे पोरांना सगळंच असं घेतात. पायात कापूस कोंबून चप्पल घालायची आणि ती मापाची होते तेव्हा फाटलेली असते. आईला हे मुळीच खपत नसे. ती म्हणाली, पोरीले आज चालवाची आहे. तिनं टेप काढला, एकेका स्कूटरला लावला, आणि एक राखाडी रंगाची निवडली, हँडल वहीतल्या मापाला सूतभरही कमीजास्त नाही. मी म्हणाले, मला काळी पाहिजे. ती म्हणाली, काळी त्या फोनमधल्या पोरीची आहे. मी म्हणाले, टेपाला स्कूटर चालवायची नाही, मला चालवायची आहे. दुकानात आम्ही दोघी तोंड फिरवून उभ्या राहिलो.

दोन्ही चालवून पाहते असं मी म्हटलं तर दुकानदार नाही म्हणाला. ओरखडा पडला तर मग कोण घेईल. आईनं माझ्याशी भांडण चालू असतानाच त्याच्याकडे वळून सांगितलं, कपडा घालून पाहू देत नाहीत त्या दुकानात मी दोऱ्याचं रीळ पण घेत नाही, आणि पिशवी उचलली. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यानं बोलावलं.

दुकानाला लागून एक फरशीची गल्ली होती. काळी मी तीनदा चालवली. पहिल्या वेळीच कळलं होतं. हँडल फिरवलं की बरगडीत बसायचं, आणि उडी मारायला ओढली की पुढचं चाक उचलायचं पण फळी तिथेच चिकटून राहायची. तरी मी हट्टानं पुन्हा पुन्हा चालवली, कारण आई बरोबर होती हे मला त्या गल्लीत कबूल करायचं नव्हतं. मग राखाडी. ती हलकी होती, उडायची, पण हँडल अरुंद होतं, दोन्ही मुठी एकमेकींजवळ यायच्या आणि मी कोणाची तरी माफी मागत असल्यासारखी वाकायची. शिवाय नऊ नंबरचा बूट फळीच्या बाहेर लोंबायचा. मी थांबले आणि आईला म्हणाले, ही पण नाही. वाटलं, आता ती चिडेल. ती म्हणाली, मंग कोणती ते तू पाह.

मी आत जाऊन सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली. कोपऱ्यात एक हिरवी होती, शेवाळ्याच्या रंगाची, ती कोणी घेत नव्हतं म्हणून तिच्यावर धूळ होती. हँडल खांद्याएवढं रुंद. फळीवर माझा बूट पुरता मावला आणि वर मागचा पाय आडवा ठेवायला जागा उरली. चाकाला टिचकी मारली तर आतून धातूचा आवाज आला. मी ती गल्लीत नेली, दोनदा पाय मारला, आणि मग गल्लीतून वळून सरळ दुकानाच्या पायरीवर चढवली. दुकानदार हात पुढे करून आला. तो पोचायच्या आत मी पायरीवरून उडी मारली. ठक्. रस्त्यावरचा एक फळवाला आणि स्कूटीवर थांबलेल्या दोन मुली पाहत होत्या. हसलं कोणी नाही. मला आठवतं, मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली, सवयीनं, आणि ते आलं नाही.

आईनं टेप लावला. हँडल मापापेक्षा दोन बोटं उंच होतं. तिनं मला ते सांगितलं. मी म्हणाले, मला माहीत आहे.

"तुले काय वाटते?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हीच."

तिनं टेप गुंडाळून पिशवीत टाकला. पुढे आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी निवडल्या, नोकरीचं गाव निवडलं, एक स्थळ नाकारलं, दुसरं निवडलं. त्या प्रत्येक वेळी सल्ला देणारे होते. पण आपलं माप चुकलं असं समोर दिसत असताना टेप बाजूला ठेवून मला विचारणारं माणूस मोजून एकच भेटलं.

गावात आल्यावर मी रोज शाळेतून येऊन ती घेऊन बाहेर पडायची. फळी फिरवायला गेलं की ती नडगीवर येऊन आदळते, हे निखिलनं सांगितलं नव्हतं. आईनं जुन्या गोधडीचे पट्टे शिवून दिले, ते मी सलवारच्या आत बांधायची. महिन्याभरात उडी गुडघ्याएवढी जायला लागली. दोन महिन्यांत हँडल हवेत फिरवून धरता यायला लागलं. रोडरोलर म्हणणारी पोरं आता म्हणायची, एकदा दे ना, आणि मी त्यांना द्यायची, कारण नाही म्हणणं कसं लागतं ते मला माहीत होतं.

मग मोठ्याबाबांनी सभेत ठरवून घेतलं, की समाजमंदिराच्या ओट्यावर कोणी काही चालवायचं नाही, कडा फुटतात. नियम सगळ्या गावाला होता आणि चालवणारी मी एकटी होते. बाबांनी मला हे काळीपिवळी धुता धुता सांगितलं, चाकाकडे पाहत. मी विचारलं, कडा फुटली का कुठे. ते म्हणाले, नाही. मी विचारलं, मग. त्यांनी पाण्याची बादली उचलली. दुसऱ्या दिवशी मी गेले. मला कोणी हाकललं नाही. पण संध्याकाळी गावातली माणसं येऊन पायऱ्यांवरच बसायला लागली, तिन्ही पायऱ्यांवर, पाय खाली सोडून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मी उतारावरून चढायची, ओट्यावर येऊन थांबायची, आणि परत उतारावरूनच जायची. असं आठवडाभर चाललं. 

आता ऑफिसात बसून फायली पाहते तेव्हा मला मोठेबाबा कळतात. पाण्यात सगळं गेलेल्या माणसानं उभी केलेली ती एकच गोष्ट होती, आणि तिच्या कडेवर मी लोखंडी चाकं आपटत होते. त्यांना कड फुटायचीही भीती होती आणि पोरगी हातची जाईल याचीही, आणि दोन्ही भीती त्यांना एकच वाटत असावी. हे कळतं. तरी आज पुन्हा तेरा वर्षांची झाले तर मी तेच करेन.

आठवडा संपला त्या संध्याकाळी भंडाऱ्याची फेरी लवकर आटोपून बाबाही तिथे बसले होते, मोठ्याबाबांच्या शेजारी, सगळ्यांत खालच्या पायरीवर. त्या दिवशी भिंतीच्या कडेला वर चढायला हातभर जागा सोडली होती. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे गेले आणि पाय मारायला सुरुवात केली. ओट्याची लांबी संपत आली तशी माणसांची डोकी वळली. त्या हातभर जागेतून मी तिन्ही पायऱ्यांवरून एकदम उडी घेतली. वर होते तेवढा वेळ फार चांगला गेला. मग पुढचं चाक तिरपं टेकलं, मी उजव्या कोपरावर पडले, आणि स्कूटर घसरत मोठ्याबाबांच्या पायाशी जाऊन थांबली.

हसू आलंच. वरच्या पायरीवरून सुरू झालं. मी उठले. बाही फाटली होती, कोपरातून रक्त हातावर येत होतं, आणि नडगीचा गोधडीचा पट्टा सुटून सलवारीबाहेर लोंबत होता. मी तो ओढून काढला आणि कमरेला खोचला. स्कूटर उचलली, चाकं फिरवून पाहिली, हँडल सरळ आहे का पाहिलं. होतं. बाबा अर्धे उठले होते, त्यांना मी हातानं बसा म्हणाले. मोठेबाबा माझ्या कोपराकडे पाहत होते. त्यांना वाटलं असेल आता ही घरी जाईल. मलाही क्षणभर वाटलं. मग मला दिसलं मी का पडले ते. जागा अरुंद होती म्हणून मी चाक तिरपं घेतलं होतं, एवढंच. आणखी चार हात मोकळे असते तर मी उभी उतरले असते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझी सावली त्यांच्या अंगावर पडली, पुरी.

"मोठेबाबा, पाय वर घ्या," मी म्हणाले. "मले अजून एकदा उडी माराची आहे."

हसणं थांबलं.  मग बाबा उठले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मोठ्याबाबांनी आधी एक पाय वर ओढून घेतला, मग दुसरा, आणि भिंतीकडे सरकले. जाता जाता त्यांनी शेजारच्या माणसाच्या, पायरीवर मधोमध पडलेल्या चपला हातानं उचलून बाजूला ठेवल्या.

मी वळले आणि उतारावरून वर चढायला लागले.